पहिल्या भेटीत पावतीपुस्तक नको

वसई. रविवार संध्याकाळ, तलावाचा कट्टा. विषय बारक्याने काढला. उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या) तोंडावर एक रविवार ठरवायचा, चर्चपासून लांब गेलेल्या सगळ्यांना बोलवायचं, बँड, जेवण, बाहेरचा एखादा चांगला वक्ता, आणि आधी पंधरा दिवस रील फिरवायची. नावही त्याने सुचवलं : 'घरवापसी'.

"नाव तेवढं बदल," वकील म्हणाले. "तो शब्द आता दुसऱ्यांनी घेतलाय."

"नाव काहीही ठेवा," काका म्हणाले. "येणार कोण? जे दर रविवारी येतात तेच. लांब गेलेला माणूस मांडवात पहिल्या रांगेत येऊन बसतो होय? आजूबाजूचे माना वळवून बघणार, आज हा इकडे कसा? एकदा बघितलं की पुन्हा पाच वर्षं नाही यायचा."

मावशींनी भाजीची पिशवी खाली ठेवली. बारा-पंधरा वर्षं चर्चच्या शेजारघरांच्या समूहाच्या ॲनिमेटर (संयोजक) आहेत, वीस-पंचवीस घरं त्यांच्याकडे. "लांब गेलेले म्हणजे कोण, ते आधी सांग रे बाबा. मला तर पाच-सहा तऱ्हेचे दिसतात आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे."

इथून खरी चर्चा सुरू झाली.

पहिला गट म्हणजे लांब गेलेलेच नव्हेत. मुंबईतून नायगाव-विरारच्या इमारतींत आलेली कुटुंबं. त्यांच्या मते त्यांची पॅरिश (म्हणजे आपलं चर्च आणि त्याचा परिसर) अजून बांद्र्यात, नाहीतर माझगावात. तिथे जाणं होत नाही आणि इथे 'आमचं नाव नाही'. यावर वकिलांनी नियम सांगितला : कायम राहायच्या इराद्याने आलात की त्या दिवसापासून इथले फादर तुमचे पॅरिश प्रीस्ट. इरादा नसला तरी तीन महिने राहिलात की तात्पुरतं घर धरलं जातं, पाच वर्षांनी कायमचं. कार्ड, वर्गणी, रजिस्टरातलं नाव यांचा त्याच्याशी संबंध नाही. "नाव नाही म्हणून लग्नाचं किंवा बाप्तिस्म्याचं काम होणार नाही, असं चर्च ऑफिसच्या खिडकीवर कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. नाव नसेल तर तिथेच लिहून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम."

दुसरा गट वेळेचा. पहाटेच्या गाडीने मोगरा घेऊन दादरला जाणारा बागायतदार, रात्रपाळीची नर्स, रविवारीच जास्त गिऱ्हाईक असलेला दुकानदार. काका स्वतः बागायतदार, ते म्हणाले, "याला पापी म्हणू नका, याला वेळापत्रक द्या." शनिवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारी मिस्साला जायच्या बंधनासाठी चालते, हे अर्ध्या लोकांना अजून ठाऊक नाही. समूहाच्या प्रत्येक घरी आजूबाजूच्या चार-पाच चर्चमधल्या शनिवार-रविवारच्या वेळांचा एक कागद दिला तरी काही जण तेवढ्यावर परत येतील. फुकटातलं औषध.

आणि मग मोठा गट : लग्नात अडकलेले. कोर्टात लग्न केलं, किंवा जोडीदार हिंदू, मुसलमान, कुणीही. तेव्हापासून कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं) बंद, मग मिस्सा बंद, मग नाताळच्या रात्री मागच्या खांबाजवळ उभं राहणं.

"यांना वक्ता ऐकवून काय होणार?" मावशी म्हणाल्या. "यांचा गुंता कागदाचा आहे. कागद सोडवा."

वकिलांनी मग कागद उलगडले, आणि हे नीट लिहून ठेवण्यासारखं आहे. दोघेही कॅथलिक आणि लग्न फक्त कोर्टात झालेलं असेल तर अडचण एवढीच की ते धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांपुढे झालं नाही. उपाय : दोघांचे बाप्तिस्म्याचे नवे दाखले (सहा महिन्यांपेक्षा जुने नकोत, कारण रजिस्टरच्या समासात आधीच्या लग्नाची नोंद असते आणि तीच बघायची असते), दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराची) नोंद, कोर्टाचा विवाह दाखला, दोघं मोकळे असल्याची चौकशी. मग फादर आणि दोन साक्षीदारांपुढे दोघांनी पुन्हा संमती द्यायची. मंगळवारी संध्याकाळी, रिकाम्या चर्चमध्ये, साध्या कपड्यांत. हॉल नको, केक नको. कोर्टाच्या दाखल्याला हात लागत नाही.

जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर त्याआधी बिशपांकडून डिस्पेन्सेशन (नियमातून सूट) लागतं. त्यासाठी कॅथलिक व्यक्तीने दोन गोष्टी कबूल करायच्या : मी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक वळण देण्यासाठी माझ्या परीने सगळं करीन. जोडीदाराकडून वचन घ्यायचं नाही. त्याला किंवा तिला या वचनाची कल्पना द्यायची, बस.

"धर्म बदलावा लागतो ना पण?" बारक्या.

"नाही. हाच गैरसमज गावभर आहे, आणि त्याच्या भीतीने सासरची माणसं पोरीला चर्चच्या फाटकाकडे फिरकू देत नाहीत."

"आणि नवरा येणारच नाही म्हणाला तर? चर्चमध्ये पाय ठेवणार नाही, असा?"

यावर वकिलांनी सांगितलेला उपाय सरांनाही माहीत नव्हता, आणि सरांनी चाळीस वर्षं धर्मशिक्षण शिकवलंय. लॅटिन नाव 'सानात्सियो इन रादिचे', म्हणजे लग्न मुळापासून बरं करणं. यात संमती नव्याने द्यावी लागत नाही, जोडीदाराला चर्चमध्ये यावं लागत नाही. दोघांची मूळची संमती अजून टिकून आहे आणि दोघं एकत्र राहायला राजी आहेत, एवढी खात्री झाली की फादर अर्ज करतात आणि बिशप ते लग्न कागदावर वैध करतात. धर्मभेदाचं डिस्पेन्सेशन त्यातच येतं. कॅथलिक व्यक्तीचं वचन मात्र इथेही लागतं. "वीस वर्षं मागे उभी राहिलेली बाई पुढच्या महिन्यात कम्युनियनला जाऊ शकते. पण तिला हे सांगायला कुणी गेलं पाहिजे."

काका गप्प झाले. ते सहसा होत नाहीत.

वकिलांना आता चेव चढला. २००९ च्या ऑक्टोबरात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'औपचारिकरीत्या चर्च सोडलेल्यांना' लग्नाच्या नियमातून असलेली सवलत काढून टाकली, त्याआधी चर्चच्या कायद्याच्या १९८३ च्या संहितेत ती कशी होती... "वकीलसाहेब, हे खिडकीवर सांगू नका हं," मावशी म्हणाल्या, "माणूस पळून जाईल."

घटस्फोटितांचं त्यांनी त्यामानाने थोडक्यात उरकलं. नुसता कोर्टाचा घटस्फोट झाला आणि पुन्हा लग्न केलं नाही, तर त्या घटस्फोटामुळे कम्युनियन अडत नाही. कितीतरी बायका उगाच स्वतःला बाहेर ठेवून बसल्यात. दुसरं लग्न केलेल्यांसाठी ट्रिब्यूनल, म्हणजे पहिलं लग्न वैध होतं का ते तपासणारं चर्चचं कोर्ट. तिथे पूर्वी दोन कोर्टांचा एकसारखा निकाल लागायचा. ८ डिसेंबर २०१५ पासून एक पुरतो. आणि पहिलं लग्न रद्दबातल ठरलं तरी मुलं अनौरस ठरत नाहीत. हे शेवटचं वाक्य कुणी विचारायच्या आधी सांगावं, कारण आईच्या मनात तोच प्रश्न असतो आणि ती तो विचारत नाही.

"मग 'बिलिव्हर्स'कडे, त्या वेगळ्या प्रार्थनागटांकडे गेलेल्यांचं काय?" बारक्याने विचारलं. आपल्याकडे हा विषय निघाला की आवाज चढतात, तसे चढलेही. सरांचा मुद्दा शांत होता. त्यांनी तिकडे नदीत दुसरा बाप्तिस्मा घेतला असेल, पण चर्चच्या हिशेबात पहिलाच खरा, तो पुसला जात नाही. परत येताना तिसरा द्यायचा नाही. गोंधळ होतो तो तिकडेच जन्मलेल्या मुलांबाबत. तिथे विचारायचं : पाणी होतं का, आणि शब्द कोणते होते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला असेल तर बाप्तिस्मा धरला जातो. नुसतं 'येशूच्या नावाने' म्हटलं असेल तर धरला जात नाही. शब्द आठवत नसतील तर चौकशी, आणि तरीही शंका राहिली तर सशर्त बाप्तिस्मा. "आणि ते तिकडे का गेले, त्यावर वाद घालू नका. बहुतेक जण तत्त्वज्ञानासाठी गेले नाहीत. आई आजारी होती तेव्हा तिकडचे चौघं रोज येऊन बसले आणि आपल्याकडून कुणी नाही. हे ऐकून घ्यायचं आणि 'चुकलं आमचं' म्हणायचं."

"चुकलंच असेल असं कशावरून?" काका.

"काका, तुम्ही घरभेटीला जाऊ नका," मावशी म्हणाल्या, आणि कट्टा हसला.

पण घरभेट करायची कशी, यावर मग अर्धा तास गेला. मावशींचे नियम पक्के आहेत. दोघांनी जायचं, त्यात एक बाई. आधी फोन करून. संध्याकाळी साडेसातनंतर, म्हणजे गाडीने आलेल्या माणसाचा चहा झालेला असतो. वीस मिनिटं. 'मिस्साला का येत नाही' हा प्रश्न अजिबात नाही. 'कसं चाललंय, आमच्याकडून काही अडलंय का' एवढंच. हातात फॉर्म नको, आणि पावतीपुस्तक तर नकोच. दोन वर्षांनी दार वाजवलं आणि दुसऱ्या मिनिटाला स्मशानभूमीची थकलेली वर्गणी काढली, की ते दार बंद झालं म्हणून समजा. निघताना एक चिठ्ठी : ऑफिसची वेळ, एक फोन नंबर आणि त्या नंबरवर कोण बोलेल त्याचं नाव. नोंद फाटकाबाहेर आल्यावर, आणि तीही फक्त कामाची : 'लग्नाचे कागद', 'आजीला कम्युनियन घरी', 'नातवाचा बाप्तिस्मा'. कारणं लिहायची नाहीत. काही कबूल केलं असेल तर आठवड्यात करायचं. नाहीतर पुढची भेट तीन-चार आठवड्यांनी.

"आणि समूहाच्या व्हॉट्सॲपवर एक अक्षर नाही," त्या बारक्याकडे बघून म्हणाल्या. "'आज अमक्यांच्या घरी जाऊन आलो, प्रार्थना करा.' झालं. अमक्यांना दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडून कळतं की आपण हरवलेले आहोत."

मरणाचा विषय काकांनीच काढला, आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा मुद्दा तोच होता, असं मला वाटतं. मयताच्या मिस्साला जेवढे लांब गेलेले येतात तेवढे तुमच्या कुठल्याच रविवारी येणार नाहीत. सगळे भाचे, पुतणे, जावई. तिथे काय घडतं? कम्युनियनच्या आधी कुणीतरी माइकवरून खडसावल्यासारखं सांगतं की अमुक-तमुकांनी पुढे येऊ नये. नियम बरोबर, पण आवाज चुकीचा. त्याऐवजी, जे कम्युनियन घेणार नाहीत त्यांनी छातीवर हातांची घडी घालून यावं, आशीर्वाद मिळेल, असं म्हटलं तर? वकिलांनी लगेच अडवलं, हे सगळीकडे चालत नाही, आपल्या फादरांना आधी विचारा. बरं, विचारू. पण आठव्या दिवशी त्या घरी कुणी जातं का? महिन्याच्या मिस्साची आठवण कुणी देतं का? यात कुणाला विचारायचं नाही. आणि पैशाचं म्हणाल तर संहितेचं ८४८ वं कलम सांगतं की गरजूला गरिबीपायी संस्कारांपासून वंचित ठेवता येत नाही. मयताच्या विधींबाबतही तसाच नियम आहे. ही दोन वाक्यं ऑफिसच्या खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवा, असं सर म्हणाले. आतल्या, बाहेरच्या नव्हे.

कुमसाराचा, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याचा, प्रश्न साधा, भीती मोठी. पंधरा वर्षांनी माणूस जातो आणि पश्चात्तापाची प्रार्थना विसरलेला असतो. गुडघे टेकायच्या जागी मोठ्या अक्षरांत ती छापून ठेवायची. पहिलं वाक्य 'खूप वर्षं झाली फादर, मला मदत करा' एवढं पुरे, हे आधी सांगायचं. पापं आठवतील तेवढी सांगायची, विसरली ती विसरली. आपल्याच फादरांपुढे लाज वाटते, म्हणून दोन फादर बाहेरच्या पॅरिशमधून बोलवायचे, जाळी असलेली खोकी उघडी ठेवायची. मिस्साआधीच्या पंधरा मिनिटांत हे होत नाही, मागे रांग उभी असते. वॉशिंग्टनच्या आर्चडायोसिसने (धर्मप्रांताने) २००७ मध्ये उपवासकाळातल्या बुधवारच्या संध्याकाळी सगळी चर्चेस कुमसारासाठी उघडी ठेवायला सुरुवात केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ पासून उपवासकाळात एकदा सलग चोवीस तास चर्च उघडं ठेवायची पद्धत आणली. आपण निदान एक बुधवार, साडेसात ते साडेनऊ, दिवा लावून ठेवू. रील करायची तर त्याची करा, असं सरांनी बारक्याला सांगितलं : उघडं दार, दिवा, वेळ. माणसांचे चेहरे नकोत.

बारक्याला ते पटलं. जेवणाचा आग्रह मात्र त्याने सोडला नाही. दहा-बारा जण, फुगे (तळलेल्या पिठाचे गोळे) आणि इंदेल (मसालेदार मांस), भाषण नाही. यावर कुणाची हरकत नव्हती.

शेवटी अडलं ते ऑफिसवर. सकाळी नऊ ते बारा. नोकरदार त्या वेळेला चर्चगेटला असतो. आठवड्यात एक संध्याकाळ, गुरुवारी साडेसात ते नऊ, ऑफिस उघडं पाहिजे. खिडकीच्या अलीकडे नाही, आत खुर्चीवर बसवून. पण बसणार कोण? क्लार्क दिवसभर दमलेला. वकील म्हणाले, महिन्यातून दोन गुरुवार मी. मावशी म्हणाल्या, एक मी. उरलेल्या गुरुवारी सगळे काकांकडे बघायला लागले.

"मला घरभेटीला येऊ नको म्हणालात ना?"

"ऑफिसात बोलायचं नसतं, काका. ऐकायचं असतं आणि लिहून घ्यायचं."

"किल्ली कुणाकडे असते?" काकांनी विचारलं, आणि ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं.