यादीत आपण नाहीच

गरीब देशांतल्या डॉक्टरांना वैद्यकीय संशोधन वाचायला मिळण्याबद्दल तुमच्याकडे आलेल्या लेखात जागतिक आरोग्य संघटना आणि प्रकाशकांच्या 'हिनारी' भागीदारीचं कौतुक आहे, ते रास्तच. 2002 साली सहा बड्या प्रकाशकांना सोबत घेऊन गरीब देशांतल्या वैद्यकीय संस्थांना संशोधनाची नियतकालिकं फुकट किंवा नाममात्र दरात द्यायची, ही सोपी गोष्ट नव्हती. पण दुसरी बाजूही यायला हवी होती. जानेवारी 2011 मध्ये काही प्रकाशकांनी बांगलादेशातल्या संस्थांची अडीच हजारांच्या आसपास नियतकालिकं एका फटक्यात बंद केली. कारण काय, तर तिथे आता गिऱ्हाईक मिळू लागलं होतं! बोंबाबोंब झाली तेव्हा पुन्हा सुरू केली. देणाऱ्याची मर्जी फिरली की दार बंद.

आणि भारत? आपण हिनारीचा लाभ मिळणाऱ्या देशांच्या यादीतच नाही. मी एका जिल्ह्याच्या गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काढली. निवासी डॉक्टर रात्री यायचे, पडद्यावर लेखाचा सारांश दिसायचा, खाली पूर्ण लेख वाचण्यासाठी तीस-पस्तीस डॉलरचा आकडा. मग परदेशातल्या मित्राला मेल. सकाळपर्यंत पीडीएफ आली तर आली, तोवर पेशंट वॉर्डात.

आता 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन'साठी, म्हणजे देशभरासाठी नियतकालिकांची एकच वर्गणी भरण्याच्या योजनेसाठी, केंद्राने तीन वर्षांकरिता 6,000 कोटी मंजूर केलेत, उत्तमच. पण ते सरकारी शिक्षणसंस्थांना आणि संशोधन संस्थांना. तालुक्याला स्वतःचा दवाखाना चालवणारी माझी भाची अजूनही मलाच फोन करते, "मामा, एवढा एक पेपर मिळतो का बघ ना."