मामा, लिंकला मीटर नसतो

इंटरनेट रेडिओ काढायचं ठरलं, की पहिला फोन गावाकडून येतो. "कोणत्या मीटरवर लावू रे?" ज्या मामांची हयात परभणी आकाशवाणी ऐकण्यात गेली, त्यांना काट्याशिवाय रेडिओ पटतच नाही.

"मीटर नाही मामा, लिंक पाठवतो."

"बरं. मग ती लिंक कोणत्या मीटरवर हाय?"

हसू नका. हाच गोंधळ आपल्याही डोक्यात असतो. आकाशवाणी म्हणजे पाऊस. तो एका रानावर पडो की हजार रानांवर, ढगाचा खर्च तेवढाच. इंटरनेट रेडिओ म्हणजे टँकर. ज्याला पाहिजे त्यानं हंडा घेऊन यायचं आणि प्रत्येकाचा हंडा वेगळा भरून द्यायचा. टँकरचा हिशेब मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही, तरी एकदा मांडतो. आवाज 64 केबीपीएसनं (सेकंदाला 64 किलोबिट, हाच बिटरेट) सोडला तर एका श्रोत्याला तासाला 29 एमबीच्या आसपास लागतात. पन्नास श्रोते तीन तास बसले, तर सव्वाचार जीबी. आणि पन्नासही एकदमच आले, तर अपलोड सलग 3.2 एमबीपीएस हवा. 128 ला सगळंच दुप्पट. नुसत्या बोलण्याला 64 मोनो पुष्कळ झालं. पण नवशिक्याला 320 च पाहिजे असतं, कूलरची घरघर लोकांना स्वच्छ ऐकू जावी म्हणून.

मग वाटतं, घरच्याच लॅपटॉपवर टँकर उभा करू. करा, पण आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडचा, आयपी पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर विषय मिटला. याचा अर्थ इंटरनेटवाल्यानं बऱ्याच घरांत मिळून एकच वेस दिलीय. तुम्ही आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट (आत यायची दारं) उघडा, पाहुणा वेशीवरूनच परत जाणार. त्यापेक्षा 1 जीबी रॅमचा लहानसा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्यानं घ्यावा, त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि आइसकास्ट, म्हणजे प्रत्येकाचा हंडा भरून देणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर 'बट' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं. ते माइकचा आवाज उचलून आइसकास्टला पोचवतं. या नावाचा अर्थ चारचौघांत सांगत बसू नये.

आइसकास्टची सेटिंगची एक्सएमएल फाइल शांत डोक्यानं उघडा. तिच्यात मुळातून जो पासवर्ड लिहून येतो तो 'हॅकमी'. म्हणजे दारावर पाटीच, 'या, लुटा'. सोर्सचा (आवाज पाठवणाऱ्याचा), रिलेचा (आवाज पुढं नेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरचा) आणि ॲडमिनचा असे तिन्ही पासवर्ड बदलायचे. होस्टनेममध्ये 'लोकलहोस्ट' असतं, तिथं आपला पत्ता घालायचा. एखादा तिरपा दांडा (/) पुसला गेला, तर सर्व्हर उठतच नाही. 'बट'मध्ये पत्ता, पोर्ट 8000, माउंटचं (सर्व्हरवरच्या आपल्या वाहिनीचं) नाव आणि सोर्सचा पासवर्ड भरायचा. इथं दहातले सात जण ॲडमिनचा भरतात (हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे). तरीही जोडणी होत नसेल, तर 8000 पोर्ट दोन ठिकाणी उघडावा लागतो हे आठवा. एक उबुंटूच्या फायरवॉलमध्ये आणि एक व्हीपीएसवाल्याच्या पॅनलवर. लोक एक दार उघडून दुसऱ्याला डोकं आपटतात.

आता स्टुडिओ. माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर फार चौकस असतो. शेजारची शिट्टी, भंगारवाल्याचा भोंगा, पारव्यांचं घुमणं, सगळं गोळा करून आणतो. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका ठेवायचा, म्हणजे 'प' आणि 'फ' बॉम्बसारखे फुटत नाहीत. भिंतींना स्पंज चिकटवण्यापेक्षा घरातल्या दोन जाड वाकळा माइकसमोर, म्हणजे आपल्या पाठीमागं टांगा. खोली घुमायची थांबते. मे महिन्यात कूलर बंद करून बोलावं लागतं, त्याला इलाज नाही. वीस मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं गाणं लावून कूलरपुढं बसायचं. आमच्याकडं कार्यक्रमाची रूपरेषा अशी ठरते.

लाईट गेली की खरी गंमत. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. तुम्ही रंगात येऊन बोलत राहता आणि आवाज घराबाहेरच पडत नाही. राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, पण आधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्ट ताडून बघा. रोहित्रच जळालं तर तोही किती पुरणार? म्हणून सर्व्हरवर दुसरा माउंट चालू ठेवायचा, त्यावर लिक्विडसोप नावाच्या सॉफ्टवेअरनं गाणी फिरत राहतात. मुख्य माउंटला तो 'फॉलबॅक' (मुख्य बंद पडला तर पर्याय) म्हणून लावायचा आणि 'फॉलबॅक ओव्हरराइड' 1 करायचं, म्हणजे लाईट आल्यावर श्रोते आपणहून परत येतात. दोन्हीकडं फॉरमॅट, बिटरेट, सॅम्पलरेट तेच हवेत. नाहीतर बऱ्याच मोबाइलचे प्लेअर तिथंच मान टाकतात.

गाणी कोणती, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो पहिला विचारावा. सिनेमाची गाणी विकत घेतली म्हणजे वाजवायचा हक्क मिळाला असं नाही. त्याचे परवाने वेगळे आणि नवशिक्याच्या खिशाला जड. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाकडून भारुडं म्हणवून घ्या. पैठणच्या नाथांना समाधिस्थ होऊन चारशेच्या वर वर्षं झाली, शब्दांसाठी त्यांना विचारायला नको. गाणाऱ्या महाराजांना आणि पखवाजवाल्याला मात्र विचारा, तेही कागदावर. कलावंताचा हक्क कायद्यात वेगळा आहे, आणि पखवाजवाला कायद्याहून कडक.

सगळं जमलं की आइसकास्टच्या पानावर श्रोत्यांचा आकडा दिसतो: 2. त्यातला एक तुमचाच मोबाइल, खिशात वाजणारा. तो आधी बंद करा, नाहीतर तुमचंच बोलणं वीसेक सेकंदांनी खिशातून निघून पुन्हा माइकात शिरतं. हा उशीर कायमचाच. सुरुवातीला हंडा पटकन भरावा म्हणून आइसकास्ट 64 केबीचा साठा एकदम ओततं. 64 केबीपीएसला तीच आठ सेकंदं झाली. वर श्रोत्याच्या प्लेअरचा रांजण वेगळा.

दुसरा श्रोता मामा. सकाळी सहाच्या ठोक्याला तुम्ही मोठ्या ऐटीत वेळ सांगता आणि फोन वाजतो.

"अरे, तू सहा वाजले म्हणतोस, इथं सहा वाजून अर्धा मिनिट झालाय. परभणी असं करत नव्हती. मीटर जरा सरकवून बघ."