‘चिठ्ठीशिवाय मिळते ती गोळी सुरक्षित’: एका फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

दुखण्यावरच्या गोळ्यांविषयी एक मजकूर कौटुंबिक आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर थोड्याफार शब्दांच्या फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: जी गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते ती सुरक्षितच असते, एका गोळीने भागले नाही तर दुसऱ्या नावाची गोळी घ्यावी, सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की अपाय होत नाही, ताप कोणताही असो, अंगदुखीची गोळी चालते, आणि पॅरासिटामॉल यकृत खराब करते, म्हणून ती टाळून एखादी ‘जालीम’ गोळी घ्यावी, त्रास वाटलाच तर बंद करावी. औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला माझी अनेक वर्षे गेली आहेत आणि यातली वाक्ये जवळजवळ जशीच्या तशी ऐकवून गोळ्या मागणारी माणसे मला रोज भेटतात. ही माणसे बेफिकीर नसतात. दवाखान्याचा खर्च, बुडणारी मजुरी आणि तासन्‌तास बसावे लागणारी रांग यांचा हिशेब करूनच ती मेडिकलची पायरी चढलेली असतात. त्यांच्या हाती पडणारी माहिती तरी खरी असावी, एवढ्यासाठी हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

पहिला मुद्दा चिठ्ठीचा. एखादी गोळी चिठ्ठीशिवाय मिळणे आणि ती चिठ्ठीशिवाय देण्याची कायद्याने मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मजकुराने त्यांची गल्लत केली आहे. आपल्याकडे औषधांची विक्री १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि १९४५ च्या नियमांखाली होते. या नियमांच्या ‘के’ परिशिष्टात घरगुती उपायांची एक छोटी यादी आहे. हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावांत ती औषधे परवान्याशिवायही विकता येतात. त्या यादीत दुखण्यावरच्या गोळ्या दोनच आहेत, अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल. त्यांच्या जोडीला वेदनाशामक बाम आणि चोळण्याची औषधे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या आपल्याकडे सर्रास खपणाऱ्या गोळ्या मात्र ‘एच’ परिशिष्टात येतात, म्हणजे त्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या असतात आणि तसा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापलेला असतो. तरीही त्या मागताक्षणी दोन-दोन, चार-चार कापून दिल्या जातात, हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे आणि तो मी मान्य करतो. परंतु दुकानदाराने नियम मोडला यावरून औषध निर्धोक ठरत नाही. शिवाय पट्टीतून कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर बहुतेक वेळा ना घटकाचे नाव उरते, ना मुदतीची तारीख, ना इशारा. ग्राहकाने पूर्ण पट्टी पाहण्याचा किंवा तिचा मोबाइलवर फोटो काढून घेण्याचा आग्रह धरला, तर निदान आपण काय गिळत आहोत हे त्याला कळेल.

हे कळणे किती महत्त्वाचे आहे, ते दुसऱ्या मुद्द्यावरून दिसते. ‘एका गोळीने भागले नाही तर दुसऱ्या नावाची घ्या’ हा सल्ला मला या साऱ्या मजकुरात सर्वांत घातक वाटतो, कारण नाव बदलले तरी आतले औषध बहुधा तेच असते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे वेगळी असली तरी त्यांतला घटक पॅरासिटामॉलच आहे. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, आणि सर्दीसाठी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. आता हिशेब करून पाहा. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली, की २६०० मिलिग्रॅम झाले. नाक वाहते म्हणून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीन वेळा घेतली, की आणखी १५००. पाठ दुखते म्हणून कॉम्बिफ्लाम दोन वेळा घेतली, की ६५०. एकूण ४७५० मिलिग्रॅम. निरोगी, प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५०० च्या आठ किंवा ६५० च्या सहा गोळ्या, त्याही दर वेळी किमान चार ते सहा तासांच्या अंतराने. ज्याचे वजन पन्नास किलोपेक्षा कमी आहे, जो नियमित दारू पितो, ज्याला यकृताचा आजार आहे किंवा आजारपणामुळे कित्येक दिवस ज्याच्या पोटात पुरेसे अन्न गेलेले नाही, त्याच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. वरच्या उदाहरणातल्या माणसाने कोणतीही गोळी जास्त घेतलेली नाही. तीन वेगवेगळ्या त्रासांसाठी त्याने तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या, एवढेच तो सांगेल, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल.

लहान मुलांच्या बाबतीत हाच घोटाळा थेंब आणि सिरप यांच्यात होतो. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांत सामान्यतः दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांचे औषध सिरपच्या चौपट तीव्र असते. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. घरातल्या कोणी ‘एक चमचा द्या’ हे ऐकून थेंबांच्या बाटलीतून ५ मिलिलिटर ओतले, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जाते. मात्रा वयावरून नव्हे तर वजनावरून ठरते आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच मोजायची असते, हे आजी-आजोबांपासून पाळणाघरातल्या मावशींपर्यंत घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

तिसरा मुद्दा अ‍ॅसिडिटीच्या गोळीचा. याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल, कारण यात अर्धसत्य आहे आणि म्हणूनच सुशिक्षित माणसेही त्यावर विश्वास ठेवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही सारी एकाच कुळातली औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. अ‍ॅस्पिरिन नेमके हेच करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि या द्रव्यांवरील संशोधनासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसह मिळाले. प्रोस्टाग्लँडिन कमी झाली की वेदना आणि सूज उतरते, ही झाली औषधाची उपयुक्त बाजू. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी पडते तेव्हा मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा टिकवून धरतात. अ‍ॅसिडिटीची गोळी जठरातले आम्ल कमी करते, त्यामुळे तिथल्या व्रणाचा आणि रक्तस्रावाचा धोका घटतो, एवढे खरे आहे. मूत्रपिंडाला तिचा काडीचाही उपयोग नाही, आणि हृदयालाही नाही. याच कारणाने ‘इंजेक्शन घेतले तर पोटाला त्रास नाही’ हे म्हणणेही चुकीचे आहे, कारण औषध रक्तातून सगळीकडे पोहोचते. ते तोंडावाटे गेले की सुईने, याने फारसा फरक पडत नाही.

मूत्रपिंडाचा धोका आपल्या भागात मला विशेष जाणवतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी गोळी आणि तिच्यासोबत लघवी वाढवणारे औषध रोज घेणारी माणसे आज घरोघरी आहेत. बऱ्याचदा ही दोन्ही औषधे एकाच गोळीत असतात. अशा माणसाने गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकची भर घातली, की तिन्ही औषधे मिळून मूत्रपिंडातला रक्ताचा दाब खाली आणतात. त्यात उलट्या-जुलाब, उपवास किंवा उन्हातली मेहनत यांमुळे शरीर सुकलेले असेल, तर मूत्रपिंड काही दिवसांतच काम थांबवू शकते. फडात ऊस तोडणारी मजूर बाई, भर उन्हात बांधकामावर विटा वाहणारा माणूस, वारीत पाय सुजल्यावर ‘पंढरपूर गाठायचेच’ म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळी घेणारे आजोबा, या सगळ्यांचे शरीर आधीच पाण्याला मोताद झालेले असते. गुडघ्यासारखा एखादाच सांधा दुखत असेल, तर डायक्लोफेनॅकचा जेल वरून लावणे हा कितीतरी बरा मार्ग आहे, कारण त्यातले फार थोडे औषध रक्तात उतरते. येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. गुरांना दिलेले हेच डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. गिधाडाचे शरीर या औषधाला माणसापेक्षा कितीतरी अधिक हळवे असते, त्यामुळे ही तुलना ताणू नये. परंतु ज्या अवयवावर घाव बसतो तो तोच आहे.

हृदयाबाबत दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये या कुळातील औषधांवरचा इशारा अधिक कडक केला. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, असे त्यात म्हटले आहे. (अ‍ॅस्पिरिन त्यातून वगळलेले आहे.) दुसरी गोष्ट, हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने सोबत आयब्युप्रोफेन घेतले, तर अ‍ॅस्पिरिनचा रक्त पातळ ठेवण्याचा गुण कमी होऊ शकतो. डॉक्टरांनी जे हृदयासाठी रोज घ्यायला सांगितले तेच औषध अंगदुखीच्या गोळीने दुबळे होते, हे रुग्णाला बहुधा कोणी सांगितलेले नसते. गर्भवतींनी विसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय यांतली कोणतीही गोळी घेऊ नये, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर तिचा परिणाम होतो.

चौथा मुद्दा, ‘ताप कोणताही असो’. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत हा सल्ला जीव घेऊ शकतो. डेंग्यूमध्ये रक्तातील प्लेटलेट घटतात आणि रक्तस्रावाची शक्यता वाढते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या उरलेल्या प्लेटलेटचे कामही मंदावतात आणि जठराचे अस्तर दुखावतात. डेंग्यूत हाडे फुटल्यासारखी दुखतात, म्हणून रुग्ण नेमकी हीच ‘जालीम’ गोळी मागतो. मुंबईत आणि कोकणात पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये तर आजारच मूत्रपिंडावर आणि यकृतावर हल्ला करतो. तापाचे निदान होईपर्यंत योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढेच घ्यावे. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासावे. मुलांच्या बाबतीत सोळा वर्षांखाली तापासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण विषाणूजन्य तापात त्यामुळे राय सिंड्रोम हा मेंदू आणि यकृत यांचा दुर्मीळ पण प्राणघातक विकार होऊ शकतो. निमेसुलाइड ही ताप-अंगदुखीवरची गोळी बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या जुन्या पट्ट्यांतून ती अजूनही मुलांपर्यंत पोहोचते.

रोज डोके दुखते म्हणून रोज गोळी घेणाऱ्यांसाठी एवढेच: महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. संयुक्त गोळ्यांच्या बाबतीत दहा दिवसही पुरतात.

शेवटचा मुद्दा पॅरासिटामॉल आणि यकृताचा. योग्य मात्रेत घेतलेले पॅरासिटामॉल बहुतेकांसाठी या सर्व औषधांत सर्वांत कमी त्रासाचे आहे, आणि ते टाळून डायक्लोफेनॅककडे वळणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे आहे. शरीरात त्याचा थोडासा भाग विषारी द्रव्यात बदलतो, आणि यकृतातील ग्लुटाथायोन हा संरक्षक पदार्थ ते द्रव्य लगेच निकामी करतो. मात्रा वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. ब्रिटनने १९९८ मध्ये साध्या दुकानांत एका पाकिटात सोळा आणि औषधाच्या दुकानांत बत्तीस गोळ्यांची मर्यादा घातली, ती याच कारणाने. ‘त्रास वाटला तर बंद करा’ हे वाक्य येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी, कधी तेवढेही नाही. मग माणसाला बरे वाटू लागते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ दिसते तोवर यकृताचे मोठे नुकसान झालेले असते. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत तो मिळाला, तर यकृत जवळजवळ नेहमी वाचते. म्हणून घरात कोणी चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या घेतल्या असतील, मूल सिरपची बाटली प्यायले असेल, तर ते माणूस हसत-बोलत असले तरी सकाळची वाट न पाहता त्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि जाताना रिकामी पट्टी किंवा बाटली सोबत घ्यावी, म्हणजे किती वाजता, कोणते औषध आणि किती मिलिग्रॅम, हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगता येईल.