बैठकीच्या खोलीतला बोपदेव घाट

२०२० चा जून. जिमला टाळं, म्हणून जिमवाल्याने आपल्या स्पिन सायकली, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या, सभासदांना भाड्याने देऊन टाकल्या. आमची टेम्पोतून सोसायटीच्या गेटापर्यंत आली. पुढे बाहेरच्यांना मज्जाव. सेक्रेटरींनी तिच्यावर हायपोक्लोराइट फवारलं आणि ज्याचं नुसतं चाकच १८ किलोंचं, असं ते धूड नवऱ्याने आणि मी तिसऱ्या मजल्यावर चढवलं. खरा व्यायाम तेवढाच झाला, असं त्याचं अजूनही म्हणणं आहे.

क्लास सकाळी सातला, झूमवर. रस्त्यावर चढ आपोआप येतो. इथे तो स्वतःच्या हाताने ओढवून घ्यावा लागतो. हँडलखाली एक लाल नॉब असतो; तो उजवीकडे फिरवला की चाक जड होतं. सर ओरडायचे, ‘‘बोपदेव घाट आला! नॉब एक पूर्ण फेरा, केडन्स साठच्या खाली नको!’’ (बोपदेव हा पुण्याजवळचा घाट; केडन्स म्हणजे मिनिटाला पायडलचे फेरे.) आता कॅमेऱ्यात सरांना माझा चेहरा दिसतो, नॉब दिसत नाही. तेव्हा हात खाली न्यायचा, खांद्याला झटका द्यायचा, ओठ आवळायचे आणि लक्ष्मी रस्त्याच्या सपाटीवरून बोपदेव चढायचा. ‘‘वा मॅडम, काय जोर आहे!’’ मी विनयाने घाम पुसायचे. (घाम मात्र अस्सल. पंखा लावला की सर ऐकू येत नसत.)

हे असंच चाललं असतं. पण मालिकांचं शूटिंग मार्चपासून बंद. तेच ते जुने भाग बघून विटलेल्या सासूबाई चहाचा कप घेऊन समोर बसू लागल्या. पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हा त्यांनी कॉलेजला रोज सायकल हाणलेली. आधी त्यांनी मला सीट वर घ्यायला लावली. मग एका चढावर शांतपणे म्हणाल्या, ‘‘तो पूर्ण फेरा म्हणाला. तू नुसतीच मूठ वळवलीस.’’

नेमका माझा माइक चालू होता.

कोणी हसलं नाही. उलट स्क्रीनवरच्या प्रत्येक चौकोनात एकेक हात घाईघाईने खाली गेला.

त्यानंतर तारणहार एकच उरला: फुकटच्या मीटिंगची ४० मिनिटांची मर्यादा. एके दिवशी सर शेवटच्या चढाचे उलटे आकडे मोजत होते. दहा, नऊ, आठ... आणि मीटिंग संपली. मी हुश्श करून पाय थांबवले.

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

‘‘सात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सहा. आधी नॉबला हात लाव.’’