‘हालेलुया’ मूळ कोणाचं? एक खुलासा

‘हालेलुया हे जेफ बकलीचं गाणं, लेनर्ड कोहेनने ते नंतर म्हटलं’ असा मेसेज फिरतो आहे. हे साफ चूक आहे. शब्द आणि चाल दोन्ही कॅनडाचा गायक-कवी कोहेन याचीच, आणि १९८४ च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’ या अल्बममध्ये ते त्यानेच पहिल्यांदा गायलं. कोलंबिया कंपनीने तो अल्बम अमेरिकेत काढायलाच नकार दिला, त्यामुळे तिथे ते फारसं कुणाच्या कानावर पडलं नाही.

गाण्याला दुसरा जन्म दिला वेल्श गायक-संगीतकार जॉन केलने. त्याने कोहेनकडे कडवी मागितली, तर फॅक्सवर पानंच्या पानं आली! त्यातली निवडक घेऊन १९९१ मध्ये त्याने पियानोवर गायलं. अमेरिकन गायक बकलीने उचललं ते हे रूप. १९९४ च्या त्याच्या ‘ग्रेस’ या अल्बममध्ये एक गिटार आणि त्याचा आवाज, बस्स. अंगावर काटा येतो, हे श्रेय मात्र निखळ त्याचं.

‘श्रेक’ या अ‍ॅनिमेशनपटातही बकली नाही. चित्रपटात केल ऐकू येतो, साउंडट्रॅक अल्बमवर रूफस वेनराइट.

मलाही बकलीचंच रूप सर्वांत जवळचं वाटतं. तरी पुढे पाठवताना कोहेनचं नाव आवर्जून लिहा.