पैठणी सुटली, नथ अडकली

विक्रीकराने छळावं, पण निदान पूर्ण आकड्यात छळावं. आमच्या न्यू जर्सीत त्याचा दर ६.६२५ टक्के आहे. हा कुठल्या पाढ्यात बसत नाही आणि वस्तूच्या किमतीतही दिसत नाही. 'सर्व करांसहित' छापलेली एमआरपी वाचत आम्ही वाढलो. इथे ऑनलाइन खरेदीत सगळा मजकूर भरून झाला, की शेवटच्या पानावर कर हळूच येऊन बसतो.

काय करपात्र आणि काय नाही, हे शास्त्र तर निराळंच. कपड्यांना कर नाही, दागिन्यांना आहे. त्यामुळे दिवाळीसाठी बायकोने ऑनलाइन मागवलेली पैठणी अलगद सुटली आणि नथ अडकली. नथीवाचून पैठणी नेसत नाहीत, हे आमची राजधानी ट्रेंटन इथल्या सरकारला कोण सांगणार?

फराळात कहर झाला. किराण्याला माफी, कँडीला नाही. पण पीठ असेल तर कायद्याने ती कँडीच नव्हे, म्हणून किटकॅट करमुक्त! साखर आणि दाण्यांच्या वड्या मात्र कँडी. मी कायदा वाचून निकाल दिला, "बेसनलाडू निर्दोष, चिक्की दोषी."

"मग चिक्कीला चिमूटभर बेसन लावायला सांग त्यांना," सासूबाई म्हणाल्या. करसल्लागाराची फी वाचली.

पूर्वी बरं होतं. ज्या राज्यात दुकान-गोदाम नाही, तिथला कर विक्रेत्याने गोळा करायची सक्ती नव्हती; १९९२ सालचा तसा निकालच होता. कर माफ नव्हता हं! वार्षिक विवरणपत्रात त्यासाठी एक ओळ असे, अजूनही आहे. बाहेरून मागवलेल्या वस्तूंचा कर तिथे आपणच कबूल करायचा. देवळात सढळ हाताने देणगी देणारी मंडळीही तिथे शून्य लिहून पुढे सरकत. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर (ऑनलाइन फर्निचर विकणारी कंपनी) या खटल्यात ही सोय ५ विरुद्ध ४ मतांनी मोडली.

"डेलावेअरला मेहुणा आहे ना तुझा? त्याच्या पत्त्यावर टीव्ही मागव. तिथे विक्रीकरच नाही," एका मित्राने सुचवलं. मी म्हटलं, अरे, मधल्या पुलाचा टोल तिकडे जातानाच घेतात. शिवाय टीव्ही घरी आणला, की त्याच ओळीत कर भरायचा असतो.

"भरायचा असतो रे, पण बघतंय कोण?"

हा आमच्या मंडळाचा खजिनदार.