इन्व्हर्टरच्या बॅटरीत आरओचे पाणी चालते, हा समज चुकीचा

पावसाळ्यात लाईट जाण्याची तयारी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घरच्या आरओचे पाणी भरावे आणि पातळी फारच खाली गेली असल्यास थोडे अ‍ॅसिड घालावे, असा सल्ला देणारा संदेश सध्या फिरत आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आरओच्या पाण्यात काही क्षार शिल्लक राहतातच; शिवाय अनेक यंत्रे चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळतात. पिण्यासाठी ते उत्तम असले, तरी हेच क्षार बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांवर परिणाम करतात आणि बॅटरीचे आयुष्य घटते. चार्जिंग होताना पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन ते उडून जाते, अ‍ॅसिड मात्र आतच राहते. म्हणून वरून अ‍ॅसिड घातल्यास त्याची तीव्रता वाढून प्लेटा खराब होतात. भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

झाकणावरील तरंगत्या दांडीची लाल खूण दिसू लागली, की इन्व्हर्टर बंद करून, हातमोजे व चष्मा घालून, हिरव्या खुणेपर्यंतच पाणी भरावे. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे पातळी पाहण्यासाठी काडी किंवा मेणबत्ती कृपया कधीही जवळ नेऊ नये.